आधी मी पाहिलेला खडक

१२ डिसेंबर १९५०, पुन्ता आरेनास

रेनार याही मोहिमेवर आहे. त्याची बदली वाल्पाराइसोला झाली असं मला पक्कं सांगितलं होतं, म्हणून महिनाभर मी मजेत होतो. आज सकाळी धक्क्यावर त्याची गिटारची पेटी दिसली आणि माझं तोंड उतरलं. तो मात्र लांबूनच म्हणाला, "आलास का रे बटाट्या? म्हटलं, तू नसशील तर समुद्राची खोली कोण मोजणार." आमच्या चिलोए बेटावर बटाटे फार पिकतात, म्हणून तिथल्या प्रत्येक माणसाला हे लोक बटाटाच म्हणतात. सामान चढवणारे खलाशी हसले. मीही हसलो. हसावं लागतं.

दोघंही लेफ्टनंट, दोघंही एकाच वर्षी चिलीच्या नौदलाच्या शाळेतून बाहेर पडलेले. कामही एकच. दक्षिणेच्या बर्फात समुद्राची खोली मोजायची, किनाऱ्यांचे नकाशे करायचे. 'केत्रू'सारख्या लहान जहाजाला या कामासाठी एक माणूस पुरतो. दुसरा कशाला, ते मला कळलेलं नाही. पण एक कोण आणि दुसरा कोण, हे कप्तान आरान्सिबियांच्या मनात ठरलेलं दिसतं. त्यांनी रेनारला खिडकीची केबिन दिली.

निघताना ओतिल्या म्हणाली, "घरी असतोस तेव्हा निम्मं बोलणं त्या ओक्ताव्यो रेनारचंच असतं. कोणी ऐकलं तर म्हणेल, सख्खा भाऊ आहे." बायकोला इतर सगळं कळतं.

१९ डिसेंबर

समुद्र फार खवळलाय. रेनार कालपासून आडवा आहे, पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण ते बरं वाटणंही टिकलं नाही. कप्तानांनी स्वतः जाऊन त्याला लिंबू दिलं. स्वयंपाक्याने त्याच्यासाठी निराळं सूप केलं. जो तो "रेनारसाहेब कसे आहेत" विचारतोय. मला समुद्र लागत नाही, म्हणून मला कोणी काही विचारत नाही. उलट त्याचे पहारे मीच करतोय.

संध्याकाळी त्याच्या दारावरून जात होतो, तर आतून क्षीण आवाजात म्हणाला, "तू वर आहेस म्हणून मला झोप लागते रे." लाघवीपणा ओकारीतही सुटत नाही या माणसाचा.

९ जानेवारी

आज जे झालं ते जसं झालं तसंच इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे ते कधीच तसं लिहिलं जाणार नाही.

बर्फातल्या आमच्या तळावर कोळसा आणि धान्य उतरवून आम्ही सामुद्रधुनीतून दक्षिणेला निघालो होतो. पहाटेचा पहारा माझा. हवा स्वच्छ, वारा नाही. डाव्या बाजूला लांब पाण्यात एक पांढरा उंचवटा दिसला. फार मोठा नाही. आपल्याकडे गवताची गंजी असते तेवढा. नकाशात तिथे काही नाही, स्वच्छ खोल पाणी. आसपास बर्फाचे तुकडे तरंगतच होते. मी दुर्बीण लावली, पाहिलं, आणि दुर्बीण खाली ठेवली. पहारा बदलताना रेनारला म्हटलं, "डावीकडे थोडा बर्फ आहे, लक्ष ठेव." आणि खाली जाऊन झोपलो.

जाग आली ती इंजिनं उलटी फिरायला लागली तेव्हा. सगळं जहाज थरथरत होतं. कोट चढवत वर धावलो. जहाज थांबलं होतं आणि तो उंचवटा चांगलाच जवळ आला होता. जवळून स्पष्ट दिसत होतं: खाली काळा दगड, वर गोठलेल्या फेसाची आणि बर्फाची जाड टोपी. एका कडेला पाणकावळा पंख पसरून बसलेला.

"बाकीचा बर्फ प्रवाहाबरोबर उत्तरेला सरकत होता," रेनार कप्तानांना सांगत होता. "हा एकटाच जागचा हलेना."

कप्तानांनी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. म्हणाले, "शाबास. या खडकाला तुमचंच नाव देऊ. रोका रेनार. वर तशी शिफारस करतो."

तेव्हा रेनार माझ्याकडे बघून म्हणाला, "मान्सियानेच मला सांगितलं होतं, तिकडे लक्ष ठेव म्हणून. त्याने सांगितलं नसतं तर मी बघितलंही नसतं."

माझ्या अंगाची आग आग झाली. भिकाऱ्याला टाकावं तसं टाकलं त्याने ते वाक्य. मी सांगितलं होतं 'बर्फ'. हे त्याला माहीत आहे आणि मलाही. कप्तानांनी मान डोलावली आणि मला काहीच म्हटलं नाही.

आधी मी पाहिला. हे मात्र खरं आहे.

१० जानेवारी

झोप नाही. पहाटे दुर्बिणीतून तो पाणकावळा मलाही दिसला होता का, हेच आठवायचा प्रयत्न करतोय. दिसला असावा.

१३ जानेवारी

खडकाची मोजणी माझ्याकडे आली. म्हणजे नाव त्याचं आणि हिशेब माझे.

दोन दिवस होडीतून त्याच्याभोवती फिरतोय. विचित्र जागा आहे. उत्तरेच्या अंगाला कडा सरळ पाण्यात उतरतो. शिशाची दोरी सोडली तर सगळी संपते आणि तळ लागत नाही. दक्षिणेच्या अंगाला मात्र पाण्याखाली एक ओटा लांबवर पसरलाय, जेमतेम दोन-तीन पुरुष खोलीवर. वरून त्याचा पत्ता लागत नाही. लाटसुद्धा फुटत नाही, नुसती थोडी जाड होते. म्हणजे खडक दिसला आणि माणूस शहाणपणाने दक्षिणेकडून वळसा घालून गेला, तर तो बरोबर ओट्यावर जाणार. ओहोटीला माथ्याचे दोन सुळके दिसतात, मधे खाच. भरतीला एकच उरतो. ओयार्सो, आमचा म्हातारा होडीवाला, बघून म्हणाला, "ही तर माझ्या सासूची दाढ." तेव्हापासून सगळे खलाशी त्याला दाढच म्हणतात. मलाही तेच नाव बरं वाटतं.

आज खूण उभारायला वर चढायचं होतं. रेनारही आला होता. होडी वरखाली होत होती, उडी मारायचा क्षण साधायला लागतो. रेनार मागे सरला. म्हणाला, "तू आधी."

मला ते इतकं झोंबलं. लहान पोराच्या हातावर गोळी ठेवावी तसं. मी म्हटलं, "तुझा खडक आहे, तूच जा." त्याने खांदे उडवले आणि गेला. त्याचा पाय लागला आणि मला वाटलं, आपण काय मूर्खपणा केला. मग घाईत उडी मारली, बूट घसरला, कमरेपर्यंत पाण्यात गेलो. रेनारने कॉलर धरून वर ओढलं. दोघंही खाचेत कोलमडलो. त्याच्या कोपराचं कातडं सोललं, रक्त आलं.

"जिवंत आहेस का रे?" तो म्हणाला.

"आहे."

"मग बोट सोड माझं, मोडशील."

मी त्याचा हात अजून घट्ट धरून बसलो होतो. तसं बसलो होतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. परत येताना सगळ्या होडीला ही गोष्ट त्यानेच रंगवून सांगितली, आणि तीत घाबरलेला माणूस म्हणून स्वतःलाच घातलं. लोक हसले ते त्याला. तरी राग मलाच आला.

१५ जानेवारी

दुपारी जेवताना कप्तानांनी हुकूम सांगितला. नावाचा प्रस्ताव वर पोचून छापला जाईपर्यंत खडकाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. गेल्या साली आपण शोधलेल्या एका खाडीचं नाव आर्जेन्टिनावाल्यांनी आपल्याआधी छापून टाकलं, तो काटा त्यांच्या मनात अजून आहे. "या वेळी आपला कागद आधी पोचणार," ते म्हणाले.

रेनारने विचारलं, "पण साहेब, दुसरं कोणी जहाज त्या वाटेने गेलं तर?"

"या मोसमात कोण जातंय?" कप्तान म्हणाले आणि घेवड्याचं भांडं पुढे सरकवलं. विषय संपला. रेनारने जास्त ताणून धरलं नाही. नाव त्याचं छापलं जायचंय, कशाला ताणेल.

नकाशाचा कच्चा कागद माझ्या टेबलावर आहे. अक्षर जहाजात सगळ्यांत चांगलं माझं. म्हणजे 'रोका रेनार' हे मलाच लिहायचंय, वळणदार.

२० जानेवारी

आज उपसागरात आर्जेन्टिनाचं 'सान हासिंतो' येऊन नांगरलं. नेहमीचा विधी झाला. त्यांच्या कप्तानाने आमच्या कप्तानांना कागद दिला की तुम्ही आमच्या हद्दीत आहात, आमच्या कप्तानांनी त्यांना तसाच कागद दिला. दोघांनी घड्या घालून खिशात ठेवले आणि मग त्यांचे चार अधिकारी आमच्याकडे जेवायला आले.

त्यांच्यातला एक लेफ्टनंट बेविलाक्वा, जाडा, बडबड्या, आपल्याकडच्या गाईंचं मांस किती मऊ असतं हे सूप येईपर्यंत सांगून मोकळा झाला. तो रेनारच्या शेजारी बसला होता. रेनारने गिटार काढली, बेविलाक्वाच्या गावाकडची गाणी म्हटली, बेविलाक्वाचे डोळे भरून आले. सगळी संध्याकाळ दोघं गळ्यात गळा घालून. मी समोर बसून हाडं सोलत होतो.

मधेच बेविलाक्वा म्हणाला, "परवा आम्ही सामुद्रधुनीतून दक्षिणेला जाणार." रेनारचा हात तारांवर थांबला. कप्तानांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याने पुढचं गाणं सुरू केलं.

पाहुण्यांना होडीपर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे होतं. बेविलाक्वा मागे राहिला, सिगारेट पेटवत. आणि मी त्याला सांगितलं.

का सांगितलं ते इथे तरी स्वच्छ लिहितो. त्यांचं नकाशाखातं अशा सूचना चटकन छापतं. आमचा कागद वाल्पाराइसोच्या टेबलांवरून फिरत असतानाच खडक त्यांच्या नकाशात आलेला असेल, त्यांच्या नावाने. मग 'रोका रेनार' कोण विचारणार. एवढंच मनात होतं. दुसरं काही नव्हतं.

त्याच्याच सिगारेटच्या पाकिटामागे मी काढून दिलं. जागा. दोन सुळके, मधली खाच. वरची बर्फाची टोपी, फसू नका. उत्तरेने जा, कड्याला अगदी लागून गेलात तरी पाणी खोल आहे. दक्षिणेने चुकूनही जाऊ नका, खाली ओटा आहे आणि तो दिसत नाही. धुकं असेल तर आवाजावर जा, खाचेतून पाणी घुसतं तेव्हा बैलाने फुरफुरावं तसं ऐकू येतं. ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, कारण त्याने बरीच वाइन घेतली होती.

नुसत्या नावासाठी जागा सांगितली असती तरी पुरलं असतं. बाकीचं डोक्यात होतं म्हणून त्याबरोबर बाहेर आलं.

"अरे बाबा, तुझ्या कप्तानाने तर काही सांगितलं नाही," बेविलाक्वा म्हणाला.

"मीही सांगितलेलं नाही," मी म्हटलं.

२२ जानेवारी

'सान हासिंतो' सकाळी गेलं. दुपारपासून दाट धुकं. नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला उभं राहिलं तर कप्तानांचा ब्रिज दिसत नाही.

जेवण गेलं नाही. कदाचित मासा शिळा होता. तीन-चारदा वर जाऊन आलो. कारण काही नव्हतं. या धुक्यात काही ऐकू येण्याइतकी ती जागा जवळ नाही, हे मला ठाऊक आहे.

प्रत्येक वेळी रेनार कठड्याशी उभा. तोही जेवला नाही. गिटारला हात लावलेला नाही दोन दिवस. मी विचारलं, "काय रे, गाणी संपली?" नुसतं बघितलं माझ्याकडे आणि म्हणाला, "ते उत्तरेने जातील की दक्षिणेने, तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत."

नाव हातचं जाईल याची काळजी लागलीय त्याला. लागू दे.

२४ जानेवारी

धुकं काल निवळलं. आज 'सान हासिंतो'कडून बिनतारी संदेश आला. कप्तानांनी मेसमध्ये सगळ्या अधिकाऱ्यांना बोलावून वाचून दाखवला. धुक्यात खडकाचा आवाज सांगितला होता तसाच आणि तिथेच ऐकू आला. सुकाणू दक्षिणेकडे वळवलं होतं, ते तिथून उत्तरेला फिरवलं. माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याचे जहाजावरच्या सगळ्यांकडून आभार.

ते वाक्य मी मनात पुन्हा म्हटलं. ते दक्षिणेकडे वळले होते.

कप्तानांचा चेहरा पांढरा पडला होता. कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "मी हुकूम दिला होता. कोणी मोडला?"

मी गप्प बसणार होतो. तेही लिहितो. बेविलाक्वाने नाव घेतलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं.

आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रेनार उठत होता. हात टेबलावर टेकवून, सावकाश, घसा खाकरत. तो काय बोलणार हे मला त्याच्या मानेवरून कळलं.

माझ्या डोक्यात एकच आलं: म्हणजे हेही याचंच.

"साहेब, मी," मी उठून म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की स्वयंपाक्याने दारातून डोकावलं. "मी सांगितलं. रेनारचा काही संबंध नाही. त्याने एक अक्षर सांगितलेलं नाही. मी एकट्याने सांगितलं, सगळं, नकाशा काढून."

रेनार अर्धवट उभाच राहिला.

कप्तान माझ्याकडे वळले. म्हणाले, "का?"

याचं उत्तर देता आलं नाही. खोटंही सुचलं नाही. त्यांनी त्या गप्प राहण्याचा काय अर्थ लावला देव जाणे, पण आवाज जरा खाली आला. "हुकूम मोडलात ते मला लिहावंच लागेल, मान्सिया. परतल्यावर तुम्ही किनाऱ्यावर. पुढच्या साली दक्षिण नाही." मग कागद उचलून खिशात घालता घालता, कोणाकडेही न बघता म्हणाले, "त्या जहाजावरचे चार अधिकारी आपल्या या टेबलावर जेवून गेलेत." आणि निघून गेले.

२५ जानेवारी

खलाशांना कळलंय. सकाळी ओयार्सोने ताज्या पावाचा पहिला तुकडा माझ्यापुढे आणून ठेवला, वर लोणी. जाताना दोघा-तिघांनी टोप्या काढल्या. बटाट्या कोणीच म्हणालं नाही. माझी थट्टा चाललीय हे समजण्याइतका मी खुळा नाही. हुकूम मोडून किनाऱ्यावर फेकलेला माणूस, त्याला टोपी कशाला काढतील?

पाव मात्र खाल्ला.

८ जुलै १९५१, वाल्पाराइसो

बऱ्याच महिन्यांनी ही वही उघडतोय. इथे लिहिण्यासारखं काही घडत नाही. टेकडीवरचं ऑफिस, तिरकं टेबल, शाई, दुसऱ्यांनी मोजलेल्या खोल्या. ओतिल्या खूश आहे. म्हणते, नवरा रोज घरी जेवतो म्हणजे काय असतं ते आत्ता कळलं.

आपल्या सामुद्रधुनीचा पक्का नकाशा गेल्या आठवड्यात माझ्याच टेबलावर आला. नावं मंजूर होऊन आली होती. 'रोका रेनार' मी लिहिलं. 'र' चांगला जमला, मुद्दाम वाईट काढावा असं आलं होतं मनात, पण अक्षराशी बेइमानी करता येईना.

आज दुपारी रेनार आला. बंदरात त्याचं जहाज दोन दिवस आहे म्हणे. न कळवता, पावसात भिजून, दारात उभा. ओतिल्याने त्याला चुलीपाशी बसवलं आणि आमच्याकडच्या बटाट्याच्या भाकऱ्या वाढल्या. त्याने पाच खाल्ल्या. "वहिनी, आता मी याला बटाट्या म्हणणार नाही," तो म्हणाला. "हे फार मानाचं नाव निघालं." ती हसता हसता लोटपोट. माझ्या घरात, माझ्या बायकोला हसवतो.

मग ती आत गेली आणि तो गप्प झाला. मी नकाशाची छापील प्रत दाखवली. त्याने आपलं नाव बघितलं आणि कागद उलटा करून ठेवला.

"आर्जेन्टिनावाल्यांनीही छापलाय," तो म्हणाला. "बेविलाक्वाने आपल्या आईचं नाव दिलं. रोका आसुन्ता."

मला हसू आलं. याचं नाव पुसायला मी तो सगळा खटाटोप केला आणि मान कुठल्या म्हातारीला मिळाला.

"मी कप्तानांना सांगून बघितलं, माझं काढा म्हणून," रेनार पुढे म्हणाला. "ऐकेनात. म्हणाले, आता आपलं असलंच पाहिजे." चुलीत बघत तो बोलत होता. "एव्हारिस्तो, त्या संध्याकाळी तो बेविलाक्वा माझ्या शेजारी बसला होता. सबंध संध्याकाळ. परवा जातोय म्हणाला. माझ्या जिभेवर आलं होतं. आणि मी काय केलं? गाणं म्हटलं. हुकूम होता वगैरे सगळं नंतरचं. मला ते नाव हवं होतं रे. घरी वडिलांना नकाशावर बोट ठेवून दाखवायचं होतं. धुकं पडलं तेव्हा कळलं आपण काय केलं ते."

मी चुलीत एक लाकूड सरकवलं.

"आणि मेसमध्ये तू उठलास. कसला मोठा आवाज होता तुझा. मी निदान दोष तरी अंगावर घ्यावा म्हणून उठत होतो, तेवढंही तू ठेवलं नाहीस मला. खरं सांगू? जळलो मी तुझ्यावर. अजून जळतो. त्या जहाजातली माणसं घरी गेली ती तुझ्यामुळे, आणि माझ्याकडे काय, तर एक दगड."

या क्षणी त्याला खरं सांगायला हवं होतं. मी कशासाठी सांगितलं, कशासाठी उठलो, सगळं. शब्द तयार होते. तो माझ्याकडे बघत होता, केस ओले, हातात अर्धी भाकरी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्याहून बुटका वाटला.

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. फार नाही, पण वाजत होता.

मी म्हटलं, "पावसात नीट ऐकू आलं नाही रे. पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं.